सोमवारी सकाळी दूध पावडरचं मॉइश्चर जास्त आणि व्हिटॅमिन सी कमी येतंय? आधी डबा कसा उघडला ते बघा

जून लागला की आमच्या सेक्शनमध्ये ठरलेली तक्रार सुरू व्हायची. इन्फंट फॉर्म्युलाचा, म्हणजे तान्ह्या बाळांच्या दूध पावडरचा, तोच डबा, तोच ओव्हन, तीच पद्धत. सकाळी लावलेलं मॉइश्चर ३.८ टक्के, दुपारी दुसऱ्या ॲनालिस्टने लावलं तर ३.१. शेजारच्या बाकावर व्हिटॅमिन सी: लेबलवर १०० ग्रॅमला ६० मिलिग्रॅम, आमच्याकडे ५१. रिपीट लावला की ५८. मग खरं कोणतं? ऑक्टोबर उजाडला की सगळं आपोआप शांत व्हायचं आणि पुढच्या जूनपर्यंत आम्ही ते विसरायचो. हे तीन पावसाळे चाललं.

मी महापे एमआयडीसीतल्या एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये डेअरी आणि बेबी फूडचं सेक्शन बघते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, तुर्भे ते रबाळेपर्यंत, अशा लॅब बऱ्याच आहेत आणि पावसाळा सगळ्यांनाच सारखा. त्यामुळे हा त्रास आमच्या एकट्यांचा नसणार असं धरून लिहितेय. बिस्किटात अर्धा टक्का मॉइश्चर इकडेतिकडे झालं तर एकवेळ चालतं. पण काही बाळांना पहिले कित्येक महिने त्या डब्याशिवाय दुसरं अन्नच नसतं. आमचा आकडा चुकला तर चांगली बॅच परत जाते, किंवा खराब बॅच पुढे जाते. दोन्हीमध्ये भोगतं ते बाळच.

आमचं काय चुकलं ते आधी सांगते, म्हणजे तुमचे तीन आठवडे वाचतील. आम्ही मशीनच्या मागे लागलो. ओव्हनच्या प्रत्येक कप्प्यातलं तापमान तपासलं, ठीक निघालं. वजनकाटा कॅलिब्रेट करून घेतला, ठीक. एचपीएलसीचा, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनचा, कॉलम बदलला, जो बदलायची काहीच गरज नव्हती. मग माणसांवर संशय आला. सकाळची ॲनालिस्ट नवीन होती, तिला दोनदा पुन्हा ट्रेनिंग दिलं. त्या मुलीची चूक नव्हती आणि मी तिला तसं नंतर सांगितलंही.

शेवटी एका संध्याकाळी मी रजिस्टर घेऊन बसले आणि मॉइश्चरचे सगळे रिपीट एका कागदावर उतरवले. फक्त आकडे नाही, वार आणि वेळही. जवळजवळ सगळे सोमवारचे, त्यातही सकाळी अकराच्या आतले. मंगळवार ते शनिवार तुरळक. ओव्हनला वार कळत नाही, तेव्हा कारण ओव्हनच्या बाहेर असणार एवढं नक्की झालं. दुसऱ्या दिवशी सॅम्पल रिसीव्हिंगला बसणाऱ्या मुलाला विचारलं, सोमवारी तू वेगळं काय करतोस? तो म्हणाला, "वेगळं काही नाही मॅडम. शनिवारी आलेले डबे फ्रिजमध्ये ठेवतो, सोमवारी काढून देतो. बाहेरून ओले असतात ना, म्हणून फडक्याने पुसून मग आत पाठवतो."

उत्तर त्या फडक्यात होतं.

डबा ओला का होतो

पावसाळ्यात नवी मुंबईत हवा ३० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असणं ही रोजची गोष्ट. अशा हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश येतो. म्हणजे २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमणार. फ्रिजमधला डबा ५ अंशांवर असतो. तो बाहेर काढला की बाहेरून घाम येतो, तो आपल्याला दिसतो आणि आपण पुसतो. पण तोच डबा लगेच उघडला तर आतली पावडरही ५ अंशांवरच असते आणि बाहेरची दमट हवा आत शिरते. पावडरवर जमलेलं पाणी दिसत नाही, कारण ती ते पिऊन टाकते.

ती इतक्या हावरटपणे का पिते, याचं कारण लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. स्किम्ड मिल्क पावडरमध्ये निम्म्याच्या आसपास लॅक्टोज असतं आणि बहुतेक फॉर्म्युलांमध्येही तोच सगळ्यात मोठा घटक. स्प्रे ड्रायरमध्ये थेंब क्षणात सुकतो, लॅक्टोजला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही आणि तो काचेसारख्या अवस्थेत गोठून राहतो. ही काच कोरडी असेपर्यंत टणक असते. ओलावा आत शिरला की ती साध्या खोलीच्या तापमानाला मऊ पडायला लागते, कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात. उघड्या डब्यातल्या पावडरचा खडा होतो तो असा.

आता हिशोब बघा. मॉइश्चरसाठी ५ ग्रॅम पावडर घेतली आणि तिच्यात खरोखर ३ टक्के पाणी असेल तर ते १५० मिलिग्रॅम झालं. डबा उघडताना, मिसळताना, डिशमध्ये टाकताना तिने आणखी ३५ मिलिग्रॅम शोषलं की उत्तर ३.७ च्या घरात जातं. ३५ मिलिग्रॅम म्हणजे पाण्याचा एक थेंबही नाही. १ ग्रॅमच्या सॅम्पलवर चालणारं झटपट मॉइश्चर ॲनालायझर वापरत असाल तर तेवढ्याच चुकीला ७ मिलिग्रॅम पुरतात. दूध पावडरची कमाल मर्यादा ५ टक्के आहे, ४.५ वर असलेल्या चांगल्या बॅचला नापास करायला एवढं पुरेसं आहे.

फ्रिज हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं आमच्या एसीत होतं. शनिवारी संध्याकाळी एसी बंद व्हायचे आणि सोमवारी साडेआठला सुरू. नऊला आत आलं की गार वाटतं आणि माणूस समजतो खोली तयार आहे. पण गार म्हणजे कोरडं नव्हे. दीड दिवस भिंती, कागद, पुठ्ठ्याची खोकी सगळ्यांनी ओलावा धरलेला असतो, तो ती हळूहळू सोडत राहतात. तापमान २५ दाखवत असताना आमच्या बॅलन्स रूमचा हायग्रोमीटर ७० च्या वर होता. हायग्रोमीटर भिंतीवर वर्षानुवर्षं होता. आम्ही त्याचं फक्त तापमान लिहीत होतो.

तुमच्याकडे हेच आहे का, कसं ओळखायचं

सगळ्यात सोपी तपासणी रिकाम्या डिशची. ओव्हनमधून काढलेली, थंड केलेली डिश झाकणासकट तोला, सॅम्पलचं सगळं नाटक तिच्यासोबत पावडर न घालता करा, पुन्हा तोला. वजन वाढलं तर डेसिकेटर, म्हणजे डिश कोरडी ठेवून थंड करायचं बंद भांडं, तुम्हाला फसवतोय. पावसाळ्यात सिलिका जेल आठवड्याभरात भरतं. निळं जेल गुलाबी झालेलं सगळ्यांना कळतं, पण हल्ली बहुतेक ठिकाणी नारिंगी जेल असतं, ते हिरवट होतं आणि मंद उजेडात तो फरक डोळ्याला लागत नाही. जेलवर शेवटचं कधी तापवलं त्याची तारीख लिहा. डेसिकेटरच्या झाकणाची ग्रीस सुकली असेल तर आत नवं जेल घालूनही उपयोग नाही.

दुसरी तपासणी डोळ्यांनी बघण्यासारखी आहे आणि नव्या ॲनालिस्टला मी ती मुद्दाम करायला लावते. कोरड्या डिशमध्ये ५ ग्रॅम पावडर पातळ पसरा, काट्यावर उघडी ठेवा, दर मिनिटाला आकडा लिहा. चौथा दशांश आधी पळायला लागतो, मग तिसरा. पावडर हवेतून पाणी पिताना त्या मुलीने स्वतः पाहिलं की पुढे झाकण लावायची आठवण करून द्यावी लागत नाही.

तिसरी तपासणी सगळ्यात निर्णायक. कंट्रोल पावडर, म्हणजे जिचा आकडा आधीच माहीत असतो ती, मोठ्या बरणीत ठेवून रोज उघडत असाल तर तो कंट्रोल नाही, तो स्वतःच पेशंट आहे. आमच्या बरणीचं मॉइश्चर जुलैभर चढत गेलं होतं आणि आम्ही चार्टवरची रेषा बघून ओव्हनमध्ये ड्रिफ्ट आहे म्हणत होतो. कंट्रोल एकावेळी एकच वापरता येईल अशा सीलबंद ॲल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात भरा. पाकिटातला बरोबर आणि बरणीतला चुकीचा आला, म्हणजे पद्धत ठीक आहे, हाताळणी बिघडलीय. संदर्भ पदार्थ घेणं परवडत असेल तर अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचा १८४९ए हा फॉर्म्युलाचाच आहे आणि पाकिटातच येतो. महाग आहे, पण वर्षातून एकदा पावसाळ्यात लावाच.

आम्ही काय बदललं

शनिवारी येणारे न उघडलेले डबे आता फ्रिजमध्ये जात नाहीत. सीलबंद डब्यातली पावडर दोन दिवस खोलीच्या तापमानाला काही बिघडत नाही, दुकानातही ती तशीच असते. उघडलेला, व्हिटॅमिनसाठी राखलेला भाग मात्र थंडच ठेवावा लागतो. तो आम्ही फॉइलच्या पाकिटात, पाकीट झिपलॉकच्या पिशवीत असा ठेवतो, आणि कामाच्या आदल्या संध्याकाळी पिशवीसकट बाहेर काढून बॅलन्स रूममध्ये ठेवतो. रात्रभरात पावडर खोलीच्या तापमानाला येते. घाम आला तरी पिशवीच्या बाहेर येतो.

बॅलन्स रूमला वेगळा डीह्युमिडिफायर बसवला आणि तो रविवारीही चालू राहतो. विजेच्या बिलावरून बरीच चर्चा झाली. मी महिन्याभराच्या रिपीटचा खर्च, म्हणजे सॉल्व्हंट, कॉलम आणि माणसांचे तास, शेजारी मांडला तेव्हा ती थांबली. आर्द्रता ५५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम दारावर लावला आहे. हा आकडा कुठल्या मानकातला नाही, आमच्या खोलीत आमच्या रिपीटवरून ठरवलेला आहे. तुमचा तुम्ही ठरवा.

आणि डबा एकदाच उघडायचा. पूर्वी मॉइश्चरवाला यायचा, चमचाभर घेऊन जायचा, मग प्रोटीनवाली, मग मिनरल्सवाले. संध्याकाळपर्यंत डबा सहा वेळा श्वास घ्यायचा. आता एकच माणूस सगळ्यांचे भाग एका बैठकीत पाडतो, लहान बाटल्या गळ्यापर्यंत भरतो म्हणजे वर हवा राहत नाही. पहिला भाग मायक्रोबायोलॉजीचा, निर्जंतुक चमच्याने. पुसायच्या फडक्यावरून मला खरी झोप लागली नव्हती ती इथे. क्रोनोबॅक्टर हा जिवाणू कोरड्या पावडरमध्ये महिनोन्महिने तग धरतो आणि नवजात, विशेषतः कमी दिवसांच्या बाळाला त्याच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. कोडेक्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकं ठरवणारा आयोग, त्याच्या २००८ च्या संहितेनुसार त्यासाठी प्रत्येकी १० ग्रॅमचे ३० नमुने तपासतात आणि एकातही सापडून चालत नाही. इतक्या कडक परीक्षेला जाणाऱ्या डब्याचं झाकण आम्ही दिवसभराच्या ओल्या फडक्याने पुसत होतो. आता झाकण ७० टक्के अल्कोहोलने पुसून, सुकू देऊन मगच उघडतो.

मॉइश्चर उलट कमी येत असेल तर

ही गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. गुठळ्या झालेल्या जुन्या पावडरचं मॉइश्चर कधीकधी अपेक्षेपेक्षा कमी दिसतं. लॅक्टोज भिजून स्फटिक झाला की प्रत्येक रेणू पाण्याचा एक रेणू स्वतःत बांधून घेतो. या मोनोहायड्रेटच्या वजनाचा ५ टक्के भाग ते पाणी असतं. ते पाणी ओव्हनमध्ये सहजासहजी सुटत नाही. आयएसओ ५५३७ ही संदर्भ पद्धत ८७ अंशांवर ५ तास, कोरड्या हवेच्या मंद प्रवाहात चालते. जुनी पद्धत १०२ अंशांच्या ओव्हनची. कार्ल फिशर ही रासायनिक पद्धत मात्र बांधलेलं पाणीही मोजते. म्हणून ग्राहकाच्या कारखान्यात कार्ल फिशर आणि तुमच्याकडे ओव्हन असेल तर आकडे भिडणार नाहीतच आणि त्यात कोणाचीच चूक नसते. रिपोर्टवर पद्धत लिहा, फोनवर भांडू नका. तापमान वाढवून घाईने वाळवलं तर तिसरंच होतं: पावडर तपकिरी पडते, साखर आणि प्रथिनांच्या अभिक्रियेत नवं पाणी तयार होऊन उडतं आणि तेही मॉइश्चरमध्ये मोजलं जातं. डिश बाहेर आल्यावर पावडरचा रंग बघायची सवय ठेवा.

व्हिटॅमिन सीची गोष्ट वेगळी आहे

आम्हाला वाटलं, ओलावा सापडला म्हणजे व्हिटॅमिनचाही उलगडा झाला. तसं नव्हतं, आणि हे साध्या गणितात आधीच दिसायला हवं होतं. मॉइश्चर ३.१ चं ३.८ झालं तर १०० ग्रॅममधला घन भाग ९६.९ वरून ९६.२ वर येतो. ६० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी त्यामुळे ५९.६ होईल. ५१ होणार नाही. उरलेले साधारण साडेआठ मिलिग्रॅम खरोखर कुठेतरी जळत होते.

ते जळत होते पाण्यात. फॉर्म्युलात लोह आणि तांबं मुद्दाम घातलेलं असतं, बाळाला ते लागतं. कोरड्या पावडरमध्ये ते आणि व्हिटॅमिन सी शेजारी राहून भांडत नाहीत. पाणी घातलं की तेच धातू, विशेषतः तांबं, हवेतल्या ऑक्सिजनकडून व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडेशन वेगाने करवतात. सोमवारी शनिवारचा साठा धरून दहा-बारा सॅम्पल असायची. ॲनालिस्ट सगळी एकदम पाण्यात विरघळवायची आणि मग एकेक काढायला घ्यायची. पहिल्या सॅम्पलला पाच मिनिटं मिळायची, शेवटच्याला दोन तास. रजिस्टरमध्ये क्रम लावून बघितला तर आकडा पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत उतरत गेला होता. तुमच्याकडेही क्रमाप्रमाणे उतरतोय का ते आधी बघा. तसं असेल तर कॉलमला हात लावू नका.

उपाय म्हणजे एकावेळी तीनच सॅम्पल विरघळवायची, आणि व्हिटॅमिन सीचा भाग सगळ्यात आधी काढून थेट मेटाफॉस्फोरिक आम्लात घालायचा. आम्लात ते टिकतं. आम्ही त्यात टीसेप हे रिड्युसिंग एजंटही घालतो, कारण ऑक्सिडेशनची पहिली पायरी, डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल, ही शरीराच्या दृष्टीने अजून व्हिटॅमिन सीच असते. पण फक्त ॲस्कॉर्बिक आम्लाचा (व्हिटॅमिन सीचं मूळ रूप) पीक, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखातला उंचवटा, मोजला तर ती निसटते. टीसेप तिला परत आणतं.

सॅम्पल किती घ्यायचं यावरही बोलायला हवं. व्हिटॅमिन आणि मिनरल्सचं मिश्रण बऱ्याचदा कोरडंच मिसळलेलं असतं आणि प्रवासात हलून थर लागतात. डब्यातून १ ग्रॅम उचलून दोन ड्युप्लिकेट जुळतील ही अपेक्षाच चुकीची. २५ ग्रॅम पावडर २०० ग्रॅम पाण्यात विरघळवून, ढवळून, त्यातून वजनाने भाग काढा. व्हिटॅमिन ए, लोह, सेलेनियम, सगळ्यांचे ड्युप्लिकेट आमच्याकडे यानेच जवळ आले. व्हिटॅमिन एला उजेड चालत नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तरी आमचा सॅपोनिफिकेशनचा (अल्कलीने स्निग्धांश फोडायचा) वॉटर बाथ पश्चिमेच्या खिडकीखाली होता. पाऊस उघडल्यावर दुपारी तिथे ऊन यायचं. बाथ हलवला, विषय संपला.

जे पावसामुळे होत नाही

पावसाळा सापडला की सगळं त्याच्यावर ढकलायचा मोह होतो. प्रोटीन मूळ आकड्याच्या २ टक्क्यांनी वेगळं आलं तर हवेऐवजी गुणकाकडे, म्हणजे नायट्रोजनवरून प्रोटीन काढायच्या आकड्याकडे बघा; दोष हवेचा नसतो. नायट्रोजन १.९२ टक्के असेल तर ६.३८ ने गुणून १२.२५ येतं, ६.२५ ने १२.०० येतं. दूध पावडरला पहिला गुणक, कोडेक्सच्या इन्फंट फॉर्म्युलाला दुसरा. वर्कशीटमध्ये आधीच्या सॅम्पलचा गुणक राहून गेला की हेच होतं. आणि प्रोटीन जास्त आलं म्हणून खूश होऊ नका. भेसळीत वापरलं गेलेलं मेलामाइन हे रसायन घ्या, त्यात ६६ टक्क्यांहून अधिक नायट्रोजन असतो आणि केल्डाल या नायट्रोजन मोजायच्या पद्धतीला तो दुधाच्या नायट्रोजनपेक्षा वेगळा दिसत नाही. चीनमध्ये २००८ साली त्याच फटीतून जवळपास तीन लाख बाळं आजारी पडली. फॉर्म्युला पावडरमध्ये मेलामाइनची कोडेक्स मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम आहे. त्यासाठी मेलामाइनचा रेणू वेगळा ओळखणारी, एलसी-एमएस/एमएससारखी पद्धत लागते.

ॲफ्लाटॉक्सिन एम१ या बुरशीजन्य विषाबद्दल दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतं, दमट हवेत साठवलेल्या पावडरमध्ये बुरशी येऊन ते वाढलं का? नाही. बुरशी चाऱ्यात किंवा पेंडीत असते, तिथे ॲफ्लाटॉक्सिन बी१ तयार होतं, जनावर ते खातं आणि त्याच्या शरीरात एम१ बनून दुधात उतरतं. लॅबमध्ये किंवा गोदामात ते वाढत नाही. आकडा अचानक दहापट दिसला तर तो पावडरवर काढलाय की दुधावर ते तपासा. १ किलो स्किम्ड पावडर सुमारे ११ लिटर दुधातून निघते. दुधाची भारतीय मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, पावडरवरचा आकडा तसाच त्या मर्यादेशेजारी ठेवला तर निष्पाप बॅच अडकेल. रिपोर्टमध्ये आकडा पावडरवर आहे की तयार दुधावर, हे स्पष्ट लिहा.

माझ्या सोसायटीतल्या आयाही मला डब्याबद्दल विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी. डॉक्टरांनी फॉर्म्युला सांगितला असेल तर उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण वर सांगितलं तेच तुमच्या स्वयंपाकघरातही होतं. चमचा कोरडा ठेवा, वाफेच्या पातेल्यावर डबा धरून पावडर काढू नका, डब्यावर लिहिलेल्या मुदतीत संपवा. पावडर निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ती ७० अंशांपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात मिसळावी, मग थंड करून पाजावी. उकळून तासभर ठेवलेलं पाणी पावसाळ्यातही त्याच्या खाली गेलेलं असतं.

कारण सापडल्यावर एक काम उरलं होतं आणि ते सगळ्यात जड होतं. आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाप्रमाणे चूक सापडली की आधी गेलेल्या निकालांवर तिचा काय परिणाम झाला हे बघावं लागतं. मी त्या तीन पावसाळ्यांतले सोमवारचे सगळे रिपोर्ट काढले. बहुतेकांचे राखीव नमुने नष्ट झाले होते. त्या ग्राहकांना मी स्वतः फोन करून काय घडलं ते सांगितलं. ज्यांचे सीलबंद नमुने अजून कपाटात होते ते पुन्हा तपासले. त्यातल्या दोन बॅचेस आम्ही मॉइश्चरवर नापास केल्या होत्या. दोन्ही पास निघाल्या. दुरुस्त रिपोर्ट त्याच आठवड्यात गेले, आणि सोबत माझ्या सहीचं पत्र.